खोली आणि खर्ज : घरातील सबवूफरची मांडणी

१. एक नेहमीचा अनुभव

एखाद्या घरी नवा सबवूफर आणला जातो. दुकानात ऐकला तेव्हा त्याचा नाद भरदार आणि गोड वाटलेला असतो. घरी आणल्यावर, जेथे मोकळी जागा सापडेल तेथे, बहुधा दूरचित्रवाणीच्या शेजारी, तो ठेवला जातो. आणि सुरू करताच निराशा पदरी येते. बायाचा एक घुमारा खोलीभर घुमत राहतो, तर दुसरा ऐकूच येत नाही. मधल्या आसनावर बसलेल्याला खर्ज लोपलेला वाटतो, तर मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांच्या कानांत तोच खर्ज असह्य होतो. शेजारच्या बिऱ्हाडातून तक्रार येते ती वेगळीच. मग घरातील मंडळी असा निष्कर्ष काढतात की, यंत्र सदोष आहे, किंवा लहान आहे. तेव्हा ते बदलून मोठे आणावे. मोठे यंत्र येते, खर्च वाढतो, आणि दोष मात्र होता तसाच राहतो.

हा अनुभव घरापुरताच मर्यादित नाही. शाळेच्या चित्रपटगृहात किंवा ग्रंथालयाच्या श्रवणकक्षातही तो येतो. तेथे तर हानी अधिक गंभीर असते. कारण घुमणाऱ्या खर्जाखाली निवेदकाचे शब्द झाकले जातात आणि मागच्या बाकावरील मुलांपर्यंत पाठ पोहोचतच नाही.

अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसून जागेचा असतो. मंद्र स्वरांच्या बाबतीत खोली ही केवळ यंत्र ठेवण्याची जागा नसते. ती स्वतःच वाद्याचा एक भाग बनते. सतारीचा भोपळा बदलला तर नाद बदलतो, तसेच खोलीतील जागा बदलली की सबवूफरचा नाद बदलतो. हे कसे घडते, आणि पदरचा एक पैसाही खर्च न करता योग्य जागा कशी शोधावी, हे या पाठात पाहावयाचे आहे.

२. सबवूफरचे काम

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार, हे वाचकांना ठाऊक आहेच. एका सेकंदात असे जितके पूर्ण चढउतार होतात, तितक्या संख्येला कंप्रता म्हणतात. तिचे एकक हर्ट्झ हे होय. निरोगी तरुण माणसाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. यांपैकी अगदी तळाचा भाग, म्हणजे साधारणपणे २० ते १०० हर्ट्झपर्यंतचा, ज्या ध्वनिक्षेपकाकडे सोपवलेला असतो, त्याला सबवूफर म्हणतात.

या पट्ट्यात कोणते स्वर येतात? पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची असते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३८ हर्ट्झला, तर खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला लावलेली असते.

येथे कोणी विचारील की, लहानशा रेडिओवरही तानपुऱ्याचा खर्ज ओळखू येतो. मग वेगळ्या यंत्राची गरज काय? लहान रेडिओचा ध्वनिक्षेपक ६९ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ निर्माणच करू शकत नाही. परंतु तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही निघतात, आणि ते रेडिओतून ऐकू येतात. त्या उपस्वरांमधील अंतरावरून आपला मेंदू मूळ स्वराची उंची जाणून घेतो. स्वर ओळखता येतो. त्याचे वजन मात्र जाणवत नाही. ते वजन परत आणून देणे, हे सबवूफरचे काम.

हे काम कष्टाचे आहे. आजचा शंक्वाकृती पडद्याचा ध्वनिक्षेपक चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ मधील संशोधनातून पुढे आला. विद्युत्प्रवाहाने हलणारे वेटोळे कागदी पडद्याला पुढेमागे ढकलते आणि पडदा हवेला ढकलतो. आवाजाची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून मंद्र स्वरांसाठी पडदा मोठा, त्याची हालचाल लांब आणि पेटी भक्कम असावी लागते.

३. लांब तरंग, लहान खोली

उन्हाळ्यातील भारतीय खोलीत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४५ मीटर धरता येईल. या वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३,४५० हर्ट्झच्या शिटीची तरंगलांबी अवघी १० सेंटिमीटर भरते. १०० हर्ट्झच्या स्वराची ३.४५ मीटर, ४० हर्ट्झच्या स्वराची सुमारे ८.६ मीटर, आणि २० हर्ट्झच्या स्वराची तब्बल १७ मीटरांहून अधिक.

या आकड्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली आपल्या सोयीची आहे. ध्वनी कोणत्या दिशेने आला हे आपण दोन कानांत पडणाऱ्या फरकावरून ओळखतो. परंतु तरंग काही मीटर लांब असला की, वीतभर अंतरावरील दोन कानांपाशी तो जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे सुमारे ८० हर्ट्झच्या खालील ध्वनीची दिशा बंद खोलीत सहसा कळत नाही. म्हणून सबवूफर समोर किंवा मध्यभागीच असला पाहिजे, असे बंधन नाही. तो बाजूला अथवा कोपऱ्यात असला, तरी गाणे समोरून येत असल्याचाच भास होतो.

दुसरी गोष्ट मात्र अडचणीची आहे. ज्या तरंगांची लांबी खोलीच्या लांबीरुंदीशी तुल्य असते, ते तरंग खोलीत मोकळेपणाने पसरू शकत नाहीत. ते भिंतींमध्ये अडकतात.

४. खोलीचे स्वतःचे स्वर

न्हाणीघरात गुणगुणताना एखादा विशिष्ट स्वर अचानक भरून येतो, हा अनुभव सर्वांना आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या बरोबर निम्मे असले की, भिंतीवर आपटून परतणारा तरंग मूळ तरंगात मिसळतो आणि स्थिर तरंग निर्माण होतो. यालाच खोलीचे अनुस्पंदन म्हणता येईल. असा पहिला स्वर काढण्याची रीत सोपी आहे : ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, खोली ४.६ मीटर लांब, ३.४५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे.

लांबीचा स्वर : ३४५ ÷ ९.२ = ३७.५ हर्ट्झ
रुंदीचा स्वर : ३४५ ÷ ६.९ = ५० हर्ट्झ
उंचीचा स्वर : ३४५ ÷ ६ = ५७.५ हर्ट्झ

यांच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतांनाही अनुस्पंदन होते. शिवाय चारही भिंतींवर आपटत फिरणारे तरंग असतात. ३७.५ आणि ५० या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरल्या तर त्याचा कर्ण ६२.५ येतो, तितक्या हर्ट्झलाही या खोलीत एक अनुस्पंदन असते. म्हणजे ज्या पट्ट्यात सबवूफरने काम करावयाचे, नेमक्या त्याच पट्ट्यात खोली आपले मोजके स्वर लादते. वरच्या कंप्रतांना असे स्वर इतके दाटीने येतात की ते वेगळे जाणवत नाहीत; खालच्या पट्ट्यात मात्र ते विरळ असल्यामुळे एकेकटे उठून दिसतात.

खोलीची लांबी, रुंदी व उंची समान असेल, तर तिन्ही स्वर एकाच कंप्रतेवर येऊन एकमेकांत भर घालतात. म्हणून घनाकृती खोली श्रवणासाठी सर्वांत वाईट. आपल्याकडील विटांच्या किंवा काँक्रीटच्या जड, ताठ भिंती मंद्र ध्वनी फारसा शोषत नाहीत, बराचसा परतवतात. त्यामुळे हे दोष येथे अधिक तीव्रतेने जाणवतात.

५. दाबाचे डोंगर आणि दऱ्या

स्थिर तरंगात सर्व ठिकाणी दाबाचा चढउतार सारखा नसतो. भिंतीपाशी तो सर्वांत अधिक असतो. लांबीच्या पहिल्या स्वराचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. दुसऱ्या स्वराच्या बाबतीत अशा दोन जागा असतात, त्या दोन्ही टोकांपासून एक-चतुर्थांश अंतरावर. अशा जागेला दाबाचा निस्पंद म्हणतात.

आता आरंभीचे कोडे उलगडते. मधल्या आसनावर बसलेली व्यक्ती ३७.५ हर्ट्झच्या निस्पंदात बसली होती. तो स्वर तिला ऐकू येणे शक्यच नव्हते. आजोबा भिंतीपाशी, म्हणजे दाबाच्या शिखरावर होते. यंत्राने दोघांनाही एकच स्वर दिला. वाटणी केली ती खोलीने.

सबवूफरलाही हाच नियम लागू आहे. ज्या ठिकाणी एखाद्या स्वराचा निस्पंद आहे, तेथे ठेवलेला सबवूफर तो स्वर जागृत करू शकत नाही. उलट कोपऱ्यात ठेवला तर खोलीचे सर्वच स्वर पुरेपूर जागृत होतात. शिवाय जमीन आणि भिंती आवाज एकाच बाजूला वळवतात. प्रत्येक नव्या पृष्ठभागामुळे पातळी जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत वाढू शकते. म्हणून कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, यंत्रावरील ताण कमी होतो, पण घुमाराही सर्वांत अधिक होतो. मोठा आवाज आणि चांगला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

आपला कान या दोषांत भरच घालतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांवरून दिसून आले की, मंद्र स्वरांना आपले कान कमी संवेदनशील असतात. पण एकदा ते ऐकू येऊ लागले की पातळीतील थोड्या वाढीनेही फार मोठे वाटू लागतात. मध्यम स्वर दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल वाढवावे लागतात. अतिमंद्र स्वरांत त्याच्या निम्म्याच्या आसपासची वाढही पुरते. म्हणून खोलीने उचललेला एकच स्वर साऱ्या गाण्यावर स्वार होतो.

६. प्रयोग : जागेची अदलाबदल

मग योग्य जागा कोणती? गणिताने तिचा अंदाज येतो. परंतु दारे, खिडक्या, कपाटे आणि उघडे कोनाडे यांमुळे प्रत्यक्ष खोली गणितातील पेटीसारखी नसते. अशा वेळी ध्वनिशास्त्रातील एक सुंदर तत्त्व साहाय्यास येते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी दाखवून दिले की, ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांनी आपापल्या जागांची अदलाबदल केली, तरी ऐकू येणारी पातळी तीच राहते. याला परस्परतेचे तत्त्व म्हणतात. त्याच्या आधारे पुढील प्रयोग करावा. सोबत एक साहाय्यक असावा.

पहिली पायरी : प्रथम बसण्याची जागा ठरवावी. ती खोलीच्या बरोबर मध्यावर नसावी आणि भिंतीला चिकटूनही नसावी. मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे एक-तृतीयांश अंतर बहुधा चांगले असते. आपल्या उदाहरणातील खोलीत ते सुमारे दीड मीटर येईल.

दुसरी पायरी : सबवूफर उचलून त्या आसनावरच ठेवावा, शक्यतो बसल्यावर आपले कान जेथे येतात त्या उंचीवर. पेटी जड असते. ती पडणार नाही अशी भक्कम टेकू द्यावी आणि तारांना ताण पडू देऊ नये.

तिसरी पायरी : बास गिटार किंवा पखवाज स्पष्ट ऐकू येतो असे, खालचे अनेक स्वर येणारे संगीत लावावे. भ्रमणध्वनीवरील स्वरजनक वापरून ३० ते १०० हर्ट्झपर्यंतचे स्वर सावकाश चढवीत नेले तर अधिक उत्तम. हे स्वर यंत्रसंचाला जोडून ऐकावेत. भ्रमणध्वनीचा स्वतःचा ध्वनिक्षेपक ते काढू शकत नाही. आवाज मध्यम ठेवावा.

चौथी पायरी : ज्या ज्या जागी सबवूफर ठेवणे शक्य आहे, त्या त्या जागी जाऊन ओणवे व्हावे आणि कान जमिनीजवळ, पेटीच्या पडद्याच्या उंचीवर आणून ऐकावे. भिंतीच्या कडेने अर्ध्या-अर्ध्या मीटरवर थांबत जावे. प्रत्येक जागी टिपून ठेवावे : सर्व स्वर सारखे ऐकू येतात, एखादा घुमतो, की एखादा नाहीसा होतो?

पाचवी पायरी : ज्या जागी स्वर सर्वांत समतोल ऐकू आले, तेथे सबवूफर ठेवावा आणि आपण आसनावर बसावे. परस्परतेच्या तत्त्वानुसार तोच समतोल आता आसनावर मिळेल.

मोठ्या माणसाने घरात रांगावे हे पाहून मुले हसतील, हसू द्यावीत. पुढच्या फेरीला त्यांनाच रांगावयास सांगावे. त्यांचे कान अनेकदा आपल्याहून चांगले असतात.

७. उरलेली जुळणी

जागा निश्चित झाल्यावरच पेटीच्या मागील बटणांकडे वळावे. तीन बटणे महत्त्वाची असतात.

‘क्रॉसओव्हर’ हे बटण सबवूफरने कोणत्या कंप्रतेपर्यंत गावे हे ठरवते. मुख्य ध्वनिक्षेपक मध्यम आकाराचे असतील, तर ८० हर्ट्झपासून आरंभ करावा. हे बटण फार वर नेले तर पुरुषांचा आवाजही पेटीतून येऊ लागतो आणि तिची जागा कळू लागते.

‘फेज’ हे बटण कला जुळवते. क्रॉसओव्हरच्या आसपासचे स्वर मुख्य ध्वनिक्षेपक आणि सबवूफर असे दोघेही गातात. एकाने हवा पुढे ढकलली असता दुसरा मागे ओढू लागला, तर दोघे मिळून शांतता निर्माण करतात. आपण आसनावर बसावे, ८० हर्ट्झचा स्वर लावावा आणि साहाय्यकाला बटण दोन्हीकडे फिरवावयास सांगावे. ज्या स्थितीत आवाज मोठा येईल ती बरोबर.

तिसरे बटण पातळीचे. नवा सबवूफर घेणारे बहुतेक लोक ते प्रमाणाबाहेर चढवतात. मंद्र ध्वनी आपल्या वरच्या स्वरांना झाकून टाकतो. वरचे स्वर खालच्यांना तितके झाकत नाहीत. म्हणून खर्ज वाढला की शब्दांतील व्यंजने बुडतात. योग्य पातळीची खूण अशी : सबवूफर चालू असताना त्याचे अस्तित्व जाणवू नये, पण बंद करताच त्याची उणीव भासावी.

पेटीच्या मागे हवेचे छिद्र असेल, तर ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. पेटी पोकळ कपाटावर ठेवू नये. खिडकीची काच, भिंतीवरील तसबीर किंवा फडताळातील भांडी खडखडत असतील, तर तो दोष यंत्राचा समजू नये.

गालिचा आणि पडदे लावून घुमारा जाईल, अशी पुष्कळांची समजूत असते. मऊ शोषक पदार्थ चांगले काम करण्यासाठी भिंतीपासून त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास असावी लागते. ४० हर्ट्झसाठी हे अंतर दोन मीटरांहून अधिक भरते! पडद्याने शिटीसारखे तीक्ष्ण स्वर मऊ होतील. खर्जाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

ऐकणारे अनेक असतील, जसे शाळेत असतात, तर एकाच आसनासाठी केलेली जुळणी पुरत नाही. तेथे एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घ्यावेत आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही मांडणी उपयुक्त ठरली. तिचे कारण आता वाचक स्वतः सांगू शकतील. पुढच्या व मागच्या भिंतींवरील दोन पेट्या लांबीच्या पहिल्या स्वराला एकाच वेळी विरुद्ध बाजूंनी ढकलतात, म्हणून तो उठत नाही. आणि दोन्ही पेट्या रुंदीच्या मध्यावर, म्हणजे निस्पंदात असल्यामुळे रुंदीचा पहिला स्वरही जागृत होत नाही. एक स्वर परस्परविरोधाने शमला, दुसरा जागाच झाला नाही.

८. भिंतीपलीकडील श्रोता

सबवूफरचा एक श्रोता असा असतो, ज्याला कोणी आमंत्रण दिलेले नसते. तो म्हणजे शेजारी. वरचे स्वर भिंतीत अडतात, मंद्र स्वर मात्र भिंतीतून आणि गच्चीच्या काँक्रीटमधून पलीकडे जातात. भारतात ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ही मोजणी ‘ए’ प्रकारच्या भारांकनाने होते, आणि त्या भारांकनात ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा धरले जातात. म्हणजे मापकावरचा आकडा लहान दिसत असतानाही शेजाऱ्याची झोप मोडत असेल, हे संभवनीय आहे. पेटीखाली जाड रबराचे तुकडे ठेवल्याने जमिनीत शिरणारा कंप काहीसा कमी होतो. पण खरा उपाय म्हणजे रात्री पातळीचे बटण खाली आणणे, आणि एकदा शेजाऱ्याच्या घरी जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकून पाहणे.

९. समारोप

सबवूफर हवा ढकलतो. स्वर घडतो तो खोलीत. म्हणून नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी जुन्याची जागा बदलून पाहावी. एक मोजपट्टी, थोडा भागाकार आणि अर्ध्या तासाचे रांगणे एवढ्या भांडवलावर पुष्कळ घरांतील हरवलेला खर्ज परत मिळू शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. तिन्ही दिशांचे पहिले स्वर काढा. त्यांपैकी कोणते दोन एकमेकांजवळ येतात?

२. ५.७५ मीटर लांबीच्या खोलीत लांबीचा पहिला स्वर कोणता? तो कोणत्या ठिकाणी ऐकू येणार नाही?

३. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी काढा. तिच्या चतुर्थांशाइतका जाड पदार्थ भिंतीवर लावणे व्यवहार्य आहे काय?

४. सबवूफर रुंद भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवला आहे. त्या भिंतीच्या लांबीच्या दिशेतील पहिला स्वर जागृत होईल काय? दुसरा होईल काय? कारणे द्या.